एक काळी गोटी

सुपारी फोडायची ती जेवणाच्या आधी, असं दोन्ही घरांचं ठरलं होतं. पण ऐन वेळी भाऊसोंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"जरा तवनाप्पा येऊ द्या," ते म्हणाले. "आज सकाळी क्लबातली पेटी उघडलीया, बातमी घिऊन त्योच येतोय. ती आली की सगळं एकदमच जाहीर करू. जावई कॅप्टन, अन् वर क्लबाचा मेंबर!"

लालासाहेबांनी हातातली सुपारी परत तबकात ठेवली. ते मुलाचे वडील. त्यांना घाई दाखवून चालणार नव्हतं. "म्हंजे तुमच्या क्लबापायी आमच्या पोळ्या गार व्हनार म्हना की," एवढंच ते बोलले, आणि लोडाला टेकले.

हे दोघे मेहुणे. रंगूबाई ही लालासाहेबांची बायको आणि भाऊसोंची धाकटी बहीण. तिच्या लग्नापासून दोघेही एकमेकांच्या मानापानाची नोंद मनात ठेवून होते, आणि गंमत अशी, की कुणीही कधीही बेरीज मांडली तरी बाकी समोरच्याकडेच निघे. लालासाहेबांच्या हिशेबात भाऊसो वर्दी घालून बहिणीकडे आले तेव्हा गाव त्यांच्यासाठी उठून उभं राहिलं, ते मोठं खर्ची पडलेलं. भाऊसोंच्या हिशेबात दाजींनी त्या दिवशी त्यांना सावलीतला पाट दिला नाही, ते. आज मात्र लालासाहेबांचा नाथाजी आणि भाऊसोंची एकुलती मनू यांची सोयरीक पक्की व्हायची होती, म्हणून दोघांनीही आपापले हिशेब घरी ठेवले होते. निदान वरच्या खिशात तरी नव्हते.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. साल सत्तेचाळीस. भाऊसोंचं घर साताऱ्यापासून बैलगाडीनं घटकाभराच्या वाटेवर. घर कसलं, धाकटी बराकच. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्यानं पांढरे केलेले दगड, आणि झेंडूसुद्धा रांग मोडून उगवायला धजत नसे. तीस वर्षं पलटणीत काढून ते सुभेदार-मेजर म्हणून परतले, जाताना सरकारनं मानाची कॅप्टनकी दिली. नाथाजी मात्र लढाईत कमिशन मिळवून इटलीपर्यंत जाऊन आलेला, साताऱ्याच्या भरती कचेरीत बसणारा, खराखुरा कॅप्टन.

आत चुलीपाशी वेगळाच पेच होता. रंगूबाई आज वरमाय म्हणून आलेल्या, पण घर पडलं माहेर. चंद्रावहिनींना कळेना, की विहीण म्हणून तिला पाटावर बसवावं, की नणंद म्हणून तिच्या हातात लाटणं द्यावं. रंगूबाईंनी स्वतःच लाटणं घेतलं आणि प्रश्न मिटवला.

"वैनी, एक इचारू? त्या क्लबात जाऊन करत्यात तरी काय?"

"बसत्यात."

"नुसतं?"

"हे तर असंच सांगत्यात. लिंबाचा सोडा पित्यात अन् बसत्यात."

"मग बसायला आपला पार काय वाईट हाय?"

"आवं, पारावर कुनीबी बसतंय. तितं बसायला आधी बसलेल्या समद्यांनी व्हय म्हनावं लागतंय."

रंगूबाईंना हे लगेच पटलं. ज्या ठिकाणी कुणालाही येता येतं, तिथं आपला मुलगा गेला काय अन् न गेला काय!

"आत्या, तितं बायकाबी खेळत्यात," मनू पुरण वाटता वाटता म्हणाली. "रॅकेट घिऊन. चेंडू जाळीवरनं पल्याड मारायचा."

"लुगडं नेसून?"

"काष्टा मारला की झालं."

"ऐका!" चंद्रावहिनींनी कपाळाला हात लावला. "साखरपुड्याच्या दिवशी पोरगी काष्टा मारायच्या गोष्टी करतीया."

मनू हसली आणि खाली बघून वाटत राहिली. नाथाजीच्या ट्रंकेत एक रॅकेट होतं. इटलीत कुणा मित्राकडून घेतलेलं. दिवाळीत त्यानं ते तिला दाखवलं होतं, आणि तुला शिकवीन म्हणाला होता. मनूनं सातारच्या शाळेत इंग्रजी सहावीपर्यंत मजल मारली होती. पण आजवर कुणी तिला काही शिकवीन म्हटलं, तर ते लोणच्यापलीकडचं नव्हतं. हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं.

बाहेर सोप्यात भाऊसो क्लबाची महती सांगत होते, आणि ऐकत होते जोतीराम. हे लालासाहेबांचे धाकटे भाऊ. त्यांच्या मेहुणीची एक मुलगी तासगावात लग्नाची होती, नाथाजीला ती करावी असं त्यांच्या फार मनात होतं. म्हणून आज ते सगळ्यांपेक्षा जास्त गोड बोलत होते.

"मंग पाव्हणं, पेटीत असतंय काय?"

"गोट्या. एका ताटात पांढऱ्या ठेवत्यात, एकात काळ्या. मेंबरानं एक उचलायची, मुठीत झाकायची, पेटीच्या भोकात हात घालायचा अन् सोडायची. पांढरी म्हंजे व्हय, काळी म्हंजे न्हाई. कुनी कुठली टाकली, ब्रह्मदेवाला कळायचं न्हाई."

"लय सोय हाय की!" जोतीराम मनापासून म्हणाले. असली पेटी आपल्या भावकीत असती तर किती तरी गोष्टी न बोलता उरकल्या असत्या, असं त्यांना वाटून गेलं.

"अन् परवा शनिवारी म्या पयल्यांदा टाकली," भाऊसोंनी मिशीवरून हात फिरवला. "पयलंच मत. ते बी आपल्या भाच्यासाठी."

साताऱ्याच्या कॅम्पातला हा क्लब म्हणजे एक कौलारू बंगला, पुढं लांबलचक व्हरांडा, टेनिसची दोन मैदानं, हिरव्या कापडाचं बिलियर्ड टेबल आणि वेताच्या खुर्च्या. लढाईच्या आधी काळ्या माणसाला तिथं आत शिरायचं, तर हातात ट्रे लागे. आता साहेब लोक विलायतेच्या बोटीची चौकशी करू लागले, खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या, तसं कमिटीनं दार किलकिलं केलं. एक डॉक्टर शिरले, दोन वकील शिरले, पलटणीला तेल-गूळ पुरवणारे सांगलीचे तवनाप्पा शिरले, आणि तीन महिन्यांपूर्वी भाऊसो. क्लबात कुणी कामाचं बोलायचं नाही, अशी तिथली रीत होती. पण मंगळवारी व्हरांड्यात कोण कुणाच्या शेजारी बसलं, हे ज्याला ठाऊक, त्याला शुक्रवारी कचेरीत कुणाचा अर्ज वर येणार हेही ठाऊक असे.

तवनाप्पांचा टांगा पांढऱ्या दगडांच्या मधून आला, तेव्हा सगळा सोपा उठून उभा राहिला. तवनाप्पा उतरले, पण हसले नाहीत. व्यापाऱ्याचा जीव, पडलेला भाव हातपाय धुवायच्या आधी सांगून मोकळं व्हावं, या मताचे.

"भाऊसो, पडलं की ओ."

"काय पडलं?"

"नाथाजीचं नाव. आमच्या म्होरंच सेक्रेटरीनं पेटी उघडली. काळी निघाली."

नाथाजी भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा लष्करी राहिला, फक्त कान लाल झाले. लालासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. क्लब गेला खड्ड्यात, असं ते महिनाभर म्हणत होते. पण आपल्या मुलाला कुणीतरी नको म्हटलं, हे ऐकल्यावर तोच क्लब त्यांना एकाएकी फार मोठा वाटू लागला.

भाऊसो मात्र पेटले. "कोन कोन हायत ती? माझ्या भाच्याला काळ्या? त्यो डाक्टर तर असनारच! मागं मी चुकून त्याच्या खुर्चीत बसलो, तवापासनं माझ्याकडं असा बघतोय! अन् त्यो जंगल खात्याचा सायब! उद्या सकाळी क्लबात जातो अन् एकेकाला इचारतो!"

"बसा, पाव्हणं, बसा," जोतीराम हळुवार म्हणाले. "एक इचारू का? क्लबात आपल्यातली मानसं कोन कोन हायत?"

"मीच. एकटाच."

"व्हय. एकटंच." जोतीरामांनी तो शब्द सगळ्यांना नीट दिसेल असा मधोमध ठेवला. "अन् उद्या नाथा आत आला असता म्हंजे? तुमी मानाचं कॅप्टन, त्यो कामाचा कॅप्टन. सलाम कुनी कुनाला करायचा? मी आपलं इचारतो हां."

लालासाहेबांच्या मनात हा विचार आला नव्हता. पण आल्याबरोबर तो जुन्या नोंदींच्या शेजारी इतका चपखल बसला, की कायम तिथंच होता असं वाटावं. वर्दी. उठून उभं राहिलेलं गाव. सावलीतला पाट. आणि आता ही गोटी.

"दाजी," भाऊसो म्हणाले, "तुमी काय बोलत न्हाई?"

"जोती," लालासाहेब उभे राहिले, "गाडी जुंप."

आतून चंद्रावहिनी दारात आल्या. डोक्यावरचा पदर होता, पण आवाजावर कसलाच पदर नव्हता. "जुंपा! आमच्याच दारात बसून आमच्याच मानसाला चोर ठरवनाऱ्या घरात माझी पोर द्यायची न्हाई मला!"

"आगं वैनी..." रंगूबाई मध्ये पडल्या. इकडं नवरा, तिकडं भाऊ. नवऱ्याबरोबर गाडीत बसल्या तर माहेर तुटणार. भावाच्या बाजूनं बोलल्या तर मुलाची बाजू सुटणार. "कुनी जेवल्याबिगर जायचं न्हाई," एवढंच त्या ठासून म्हणाल्या. एवढी गोष्ट तरी त्यांच्या हातातली होती.

"तात्या, जरा थांबा," नाथाजी म्हणाला.

"तू गप. तुझं नाव गेलं ते गेलं, वर हितं जेवून कशाला जायचं?"

जोतीराम बैलांकडे निघालेसुद्धा. त्यांच्या चालण्यात तासगाव दिसत होतं.

मनू दाराआडून सगळं ऐकत होती. रीत म्हणाल तर सुपारी फुटेपर्यंत मुलीनं सोप्यात यायचं नसतं. पण सुपारीच फुटणार नसेल, तर रीत कुणासाठी पाळायची? ती पदर सावरत सरळ बाहेर आली आणि तवनाप्पांसमोर उभी राहिली.

"तवनाप्पाकाका, काळ्या किती निघाल्या?"

"किती म्हंजे? एकच की, पोरी. बाकी समद्या पांढऱ्याफेक. पन एक निघाली की मानूस भाईर. नियमच हाय क्लबाचा."

भाऊसो उभे होते ते हळूहळू बसले.

"एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"अन् एकीनंच पडतंय?"

"एकीनंच. शनिवारी सेक्रेटरीनं वाचून न्हाई का दाखवलं? तुमी तर मान हलवत व्हता!"

मान हलवत होते, हे खरं होतं. साहेबाचं इंग्रजी समजलं नाही, तर टाचा जुळवायच्या आणि 'यस सर' म्हणायचं, या एका औषधावर भाऊसोंनी तीस वर्षं नोकरी निभावली होती. त्यांना वाटलं होतं, जास्त गोट्या ज्या रंगाच्या, तो रंग जिंकला.

मनूनं वडिलांकडे बघितलं. जत्रेत आपण हरवलो हे पोराला जेव्हा पहिल्यांदा कळतं, तेव्हा त्याचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

"आबा?" ती म्हणाली.

"मीच टाकली," भाऊसो म्हणाले.

जोतीराम अर्ध्या वाटेतून परत फिरले. हे ऐकायला बैल थांबले असते. चंद्रावहिनी मटकन उंबऱ्यावर बसल्या. लालासाहेबांनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण भाऊसो आता थांबणार नव्हते.

"मी आधी पांढरीच उचलली व्हती, रंगूची आन! मंग पेटीपाशी गेलो अन् मनात आलं... आपलं पोर कसलं! सायब व्हय म्हननार, डाक्टर व्हय म्हननार, वकील व्हय म्हननार. आत समद्या पांढऱ्याच पांढऱ्या. एवढं निर्मळ बरं असतंय व्हय? दृष्ट लागंल पोराला! एक तरी काळी पायजे कुठंतरी. तान्ह्या पोराच्या गालाला तीट लावत्यात, तशी. अन् ती परक्यानं टाकण्यापरीस घरच्यानं टाकलेली बरी, न्हाई का? मी मामा हाय. माझाच हक्क. म्हनून माघारी गेलो अन् काळी घेतली." त्यांनी नाथाजीकडे बघितलं. "वाटलं, एवढ्या पांढऱ्यांत एक काळी लय शोभून दिसंल रं."

जोतीराम खाकरले.

"गोष्ट झ्याक हाय. पन हे खरं कोन मानंल?"

"मी मानते," मनू म्हणाली. "काका, तुमाला ठावं न्हाई. आबा शनिवारी क्लबात जात्यात अन् एकटं बसत्यात. तीन महिने झालं. सायब येता-जाता 'इव्हनिंग सुभेदार' म्हनतोय, तेवढंच. दुसरं कुनी शेजारी बसत न्हाई. घरी आल्यावर आमाला सांगत्यात, की ह्यो असं बोलला, त्यो तसं बोलला. पन कोटाला सिगारेटचा वास बी नसतोय. मानसांत बसलेल्या मानसाच्या कोटाला वास येतोय की. ह्यांचं—" ती नाथाजीकडं न बघता अडखळली, "आत्याच्या लेकाचं नाव निघालं, तवापासनं आबा दिवस मोजत हुतं. आता शेजारच्या खुर्चीत आपलं मानूस बसनार म्हनून."

भाऊसोंनी मान खाली घातली. गोटीची कबुली देताना ते इतके ओशाळले नव्हते.

सगळे लालासाहेबांकडे बघू लागले. गाडी जुंपायची की सोडायची, ते आता त्यांच्या एका शब्दावर होतं, आणि मनूचे दोन्ही हात पदराचं टोक पिळत होते. लालासाहेबांनी मेहुण्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. टोपी, मिशी, बिल्ले, पॉलिश केलेले बूट. इतक्या वर्षांत या माणसाबद्दल आपलं जे मत झालं होतं, ते त्यांनी मनाशी एकदा नीट तपासून घेतलं.

"जोती, तू गप बस," ते म्हणाले. "मी ह्या मानसाला माझ्या लग्नापासनं वळखतोय. खोटं बोलायला डोकं लागतंय. एवढं नामी खोटं रचायची अक्कल ह्याला सात जन्मात यायची न्हाई. म्हंजे खरंच हाय ते."

"दाजी!" भाऊसो ताडकन उठले. "ह्यो माझा अपमान हाय!"

"हाय तर हाय. पोरीचं लगीन वाचलं की न्हाई?"

आधी नाथाजी हसला. मग तवनाप्पा, मग उंबऱ्यावरच्या चंद्रावहिनी, डोळे पुसत पुसत. रंगूबाईंनी ही संधी घालवली नाही. त्यांनी तबकातली सुपारी उचलून नवऱ्याच्या हातात दिली. "फोडा आता. न्हाईतर आनिक कुनाला तरी काय तरी सुचंल."

सुपारी फुटली. तवनाप्पा जैन, त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून त्यांचं पान आधी वाढलं, आणि त्यांच्या निमित्तानं सगळ्यांचंच. जोतीरामांनी सात पोळ्या खाल्ल्या. तासगाव गेलं होतं, निदान कटाची आमटी तरी जाऊ द्यायची नव्हती.

जेवताना भाऊसो म्हणाले, "उद्या मी सायबाकडं जातो अन् खरं काय ते सांगतो."

"तुमाला हसतील, मामा," नाथाजी म्हणाला.

"हसू दे. न हसता तरी कोन बोलतंय माझ्याशी?" त्यांनी घास थांबवला. "पन एक हाय. पुन्हा गोट्या पडल्या, तर ह्या येळंला मी काय करू? समद्याच पांढऱ्या... माझा हात धजायचा न्हाई रं."

"टाकशील पांढरी," लालासाहेब म्हणाले. "मी येतो संगं. तुला एकट्याला सोडून एकदा बघितलं."

दुसऱ्या दिवशी तिघे क्लबात गेले. लालासाहेबांनी कोल्हापुरी फेटा बांधला होता. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या त्यांनी येता येताच मोजल्यासारख्या नजरेखालून घातल्या, एकीवर हात दाबून पाहिला आणि बसायला पार बरा, असा निकाल मनात देऊन टाकला. सेक्रेटरी मेजर हॅलम आपल्या खोलीत होते. उंच, वाळलेले, मार्चमध्ये बोटीनं जायचे, आणि जाण्याआधी क्लबाची घडी नीट राहावी एवढीच इच्छा असलेले गृहस्थ.

भाऊसोंनी टाचा जुळवल्या आणि घडलं ते आपल्या इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी दोन्ही कानांवर हात नेले.

"सुभेदार, मत गुप्त असतं. मी काही ऐकलेलं नाही."

"आय स्पीक लाउड, सर," भाऊसो म्हणाले, आणि पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

साहेब हरले. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. एखाद्या सभासदानं चुकून भलती गोटी टाकली असेल, तर मतदान रद्द करता येतं, असं त्यात एक कलम होतं. "तर मग सुभेदार, ती तुमच्या हातून चुकून पडली. होय ना?"

"नो, सर! नो मिस्टेक! फुल नॉलेज!"

साहेबांनी कपाळ चोळलं. नाथाजी पुढं झाला आणि त्यानं सावकाश समजावलं: तान्हं मूल, गालावरचा काजळाचा ठिपका, लोकांची नजर, आणि मामाचा हक्क. हॅलमसाहेब ऐकत गेले. त्यांची वाळकी मान हळूहळू भाऊसोंकडे वळली.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "हा मुलगा तुम्हाला फार आवडतो म्हणून तुम्ही त्याच्या विरुद्ध मत दिलंत?"

"यस सर!" भाऊसो म्हणाले. या वेळी त्यांना सगळं समजलं होतं.

साहेबांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ते हसत होते. सवय नसल्यामुळे जरा वेळ लागला. मग त्यांनी पेन उचललं. नियम न समजणं हीसुद्धा चूकच, तेव्हा मतदान रद्द, शनिवारी पुन्हा गोट्या पडतील, असं त्यांनी लिहिलं. "आणि सुभेदार, शनिवारी जरा लवकर या. माझ्या टेबलावर बसा. हे बाळाच्या गालाचं माझ्या बायकोला सांगायला हवं, मला काही ते नीट जमायचं नाही."

भाऊसोंनी मान हलवली, पण चेहरा काही खुलेना. पुन्हा शनिवार येणार होता, पुन्हा गोटी उचलायची वेळ येणार होती, आणि त्यांचा जीव पुन्हा तिथंच अडकला होता. समद्या पांढऱ्या!

"या वेळी तुमच्या मुलाचं नाव बिनतक्रार निघेल," साहेब लालासाहेबांकडे वळून आश्वासन दिल्यासारखं म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांनी बोटाची पेरं टेबलाच्या फळीवर दोनदा ठोकली.

लालासाहेबांच्या नजरेतून हे सुटलं नाही. ते मुलाकडे कलले. "नाथा, सायबानं टेबल का वाजवलं रं?"

नाथाजीचं तोंड हसण्यानं भरून आलं. "काही चांगलं बोललं, की लाकडाला हात लावत्यात ते, तात्या. दृष्ट लागू नये म्हणून."

"सायबाच्यात बी?"

"सायबाच्यात बी."

भाऊसो ताठ उभे राहिले. कालपासून खाली आलेले खांदे जागच्या जागी गेले. "मंग मी शनिवारी पांढरी टाकतो," ते म्हणाले. "चिंता मिटली. बंदोबस्त सायबानंच केलाय."

"सुभेदार काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"कमिटीच्या व्यवस्थेवर त्यांचा पूर्ण विश्वास आहे, असं म्हणतात, सर."

साहेबांनी समाधानानं मान हलवली आणि निरोपाला हात पुढं केला. लालासाहेब सगळ्यांत शेवटी उठले. उठता उठता त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि टेबलाची फळी वाजवली. साहेबानं दोनदा वाजवली होती. ते वरपक्षाचे, म्हणून त्यांनी तीनदा वाजवली.